स्त्रिया, पुरुष आणि एकच मैदान

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीं नव्या मुंबईच्या मैदानावर भारताच्या स्त्रियांच्या क्रिकेट-संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून विश्वचषक प्रथमच जिंकला, आणि घरोघर आनंदीआनंद झाला. एका स्नेह्याच्या घरीं आम्ही पांचसात मंडळी जमलों होतों. सांगलीची स्मृति मंधाना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, हीं नांवें घरच्या मुलींचीं असावीं तशीं प्रत्येकाच्या तोंडीं होतीं. अशा वेळीं एक वयोवृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "हें सारें कौतुकास्पद खरें, पण पुरुषांच्या संघापुढें यांचा टिकाव लागला असता काय?" बैठक क्षणभर गप्प झाली. कोणी म्हणालें, 'कां नाहीं लागणार?' कोणी म्हणालें, 'असा प्रश्नच काढूं नये.' स्नेह्यांची मुलगी कॉलेजांत धांवण्याच्या शर्यतींत भाग घेते, ती मात्र शांतपणें म्हणाली, "नाहीं आजोबा, नसता लागला. मग?"

त्या 'मग?' चें उत्तर आजोबांस देतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर बैठकींतील आम्हां कोणासच तें नीट देतां आलें नसतें. कारण आजोबांच्या प्रश्नांत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. पहिला वस्तुस्थितीचा: अव्वल दर्जाच्या स्त्री-खेळाडू पुरुषांशीं स्पर्धा करतील तर काय होईल? दुसरा मूल्याचा: जें होईल त्यावरून स्त्रियांच्या यशाची किंमत काय ठरते? पहिल्याचें उत्तर मिळालें कीं दुसऱ्याचें आपोआप मिळालें, असें आपण धरून चालतों. घोटाळा होतो तो येथेंच.

वस्तुस्थितीविषयीं आडपडदा ठेवण्याचें कारण नाहीं. अमेरिकेच्या फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरनें १९८८ सालीं १०० मीटरचें अंतर १०.४९ सेकंदांत तोडलें. जमैकाच्या उसेन बोल्टला २००९ सालीं तेंच अंतर तोडण्यास ९.५८ सेकंद लागले. दोघें एकाच वेळीं धांवलीं असतीं, तर बोल्ट शेवटच्या रेषेवर पोंचला त्या क्षणीं ग्रिफिथ-जॉयनर आठनऊ मीटर मागें असती. उंच उडींत क्युबाच्या सोतोमायोरनें १९९३ सालीं २.४५ मीटर गांठले. युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखनें २०२४ सालीं २.१० मीटर उंची ओलांडून स्त्रियांचा सदतीस वर्षांचा जुना उच्चांक मोडला, तरीहि दोहोंत ३५ सेंटिमीटरांचें अंतर राहिलें. धांवण्यांत व पोहण्यांत हा फरक सामान्यतः शेंकडा दहाबारा असतो. उडी आणि फेक यांत त्याहून अधिक. हा फरक लहान दिसतो, पण वरच्या पायरीवर तो डोंगराएवढा होतो. कारण तेथें शेंकडा एक-दोनच्या आंत शेंकडों पुरुष उभे असतात. ग्रिफिथ-जॉयनर आपल्या शहरांतील रस्त्यावरून जाणाऱ्या लाखों पुरुषांस सहज मागें टाकील. पण आजच्या ऑलिंपिकच्या पुरुषांच्या उपांत्य शर्यतींत तिला प्रवेश मिळणार नाहीं. हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत, आणि वादांत बहुधा एकच सांगितलें जातें.

टेनिसमध्यें याची प्रत्यक्ष परीक्षाहि झाली आहे. २० सप्टेंबर १९७३ रोजीं ह्यूस्टन येथें बिली जीन किंगनें बॉबी रिग्जला ६-४, ६-३, ६-३ असें हरविलें, आणि तो स्त्रीजातीचा विजय म्हणून गाजला. पण त्या वेळीं किंग २९ वर्षांची होती आणि रिग्ज ५५ वर्षांचा. त्याचें विंबल्डनचें विजेतेपद १९३९ सालचें होतें. शिवाय चारच महिन्यांपूर्वीं त्याच रिग्जनें मार्गरेट कोर्टला ६-२, ६-१ असें लोळविलें होतें. १९९८ सालीं ऑस्ट्रेलियांत व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या भगिनींनीं पुरुषांशीं खेळून पाहण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां क्रमवारींत २०३ वा असलेला कार्स्टन ब्राश हा जर्मन खेळाडू पुढें आला. त्यानें सेरेनाचा ६-१ आणि व्हीनसचा ६-२ असा पराभव केला. त्या वेळीं दोघी अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या हें खरें; पण पुढें जगज्जेती झाल्यावरहि सेरेनानें स्वतःच मोकळेपणीं सांगितलें आहे कीं, अँडी मरेपुढें आपल्याला एकहि गेम मिळणार नाहीं; पुरुषांचें टेनिस आणि स्त्रियांचें टेनिस हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. तिच्या या बोलण्यांत न्यूनतेचा लवलेशहि नव्हता. आपल्या सामर्थ्याची खात्री असलेल्या माणसासच इतकें साधें सत्य इतक्या साधेपणानें बोलतां येतें.

हें अंतर निसर्गानें ठेविलें कीं समाजानें? याचें प्रामाणिक उत्तर 'दोघांनींहि' असें आहे, पण दोघांचा वाटा सारखा नाहीं. बारा वर्षांच्या सुमारापर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या धांवण्यापोहण्यांत फारसा भेद नसतो. वयांत येतांना मुलाच्या शरीरांत टेस्टोस्टेरोन या द्रव्याचा पूर येतो, आणि प्रौढ पुरुषांत त्याचें प्रमाण स्त्रीच्या सुमारें पंधरापट होतें. त्यायोगें हाडें लांब व दणकट होतात, स्नायु वाढतात, हृदय मोठें होतें, आणि प्राणवायु वाहून नेणारें रक्तांतील हिमोग्लोबिनहि शेंकडा बाराच्या आसपास अधिक होतें. हा भेद कोणाच्या आळसाचा वा भित्रेपणाचा नव्हे. शरीराच्या घडणीचा आहे.

समाजाचा वाटा मात्र इतिहासांत शोधावा लागतो. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत ठेविली होती. शर्यत संपल्यावर कांहीं धांवपटू धापा टाकीत खालीं बसल्या, याचा वर्तमानपत्रांनीं असा कांहीं बाऊ केला कीं, पुढें १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्यें स्त्रियांस २०० मीटरपेक्षां लांब धांवूंच दिलें नाहीं. मॅरेथॉन तर त्यांना १९८४ सालीं मिळाली. त्या पहिल्याच मॅरेथॉनमध्यें अमेरिकेच्या जोन बेनॉइटनें २ तास २४ मिनिटें ५२ सेकंद इतका वेळ घेतला. १९५६ सालीं मेलबोर्न येथें पुरुषांची मॅरेथॉन जिंकणाऱ्या अलँ मिमूँला बरोबर २ तास २५ मिनिटें लागलीं होतीं! ज्या शरीरास २०० मीटरहि पुष्कळ झाले असें म्हणत होते, तें शरीर संधि मिळतांच एका पिढीपूर्वींच्या ऑलिंपिक विजेत्याच्या पुढें आठ सेकंद निघून गेलें. मनाई करणारे लोक निसर्गाचें नांव घेत होते. पण निसर्गाची परीक्षाच त्यांनीं होऊं दिली नव्हती.

परंतु याच इतिहासावरून उलट टोंकाचें अनुमान काढणारेहि चुकले. १९९२ सालीं 'नेचर' या विख्यात शास्त्रीय नियतकालिकांत दोन शास्त्रज्ञांनीं स्त्रियांच्या प्रगतीचा वेग मोजून असें भाकीत केलें कीं, मॅरेथॉनमध्यें स्त्रिया १९९८ च्या सुमारास पुरुषांस गांठतील. १९९८ साल उजाडलें. त्या वर्षाअखेर पुरुषांचा उच्चांक २ तास ६ मिनिटें ५ सेकंद होता आणि स्त्रियांचा २ तास २० मिनिटें ४७ सेकंद. साचलेली संधि मिळाली तोंवर अंतर झपाट्यानें घटलें. संधीची उणीव भरून निघतांच तें बहुतेक जागच्या जागीं थांबलें. दार उघडल्याखेरीज भिंत कोठें आहे हें कळत नाहीं; पण दार उघडल्यावर भिंत दिसली तर ती नाहींच असें म्हणणेंहि शहाणपणाचें नव्हे.

येथपर्यंत त्या मुलीचें 'नाहीं' बरोबर ठरलें. आतां तिच्या 'मग?' कडे वळूं.

प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या पांचव्या भागांत याच प्रश्नाला हात घातला आहे. स्त्रीपुरुषांचे स्वभाव भिन्न, म्हणून त्यांचीं कामेंहि भिन्न, या युक्तिवादास उत्तर देतांना तो विचारतो कीं, टकला माणूस आणि केसाळ माणूस हेहि भिन्नच. मग एक चांभार असला तर दुसऱ्यानें चांभारकी करूं नये काय? भेद आहे एवढ्यानें भागत नाहीं. तो भेद त्या कामाशीं संबद्ध आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. प्लेटोचा हा निकष आजहि आपल्याला पुरतो, आणि तो दुधारी आहे. धांवण्यांत, कुस्तींत, उडींत स्त्रीपुरुषभेद कामाशीं संबद्ध आहे. म्हणून तेथें दोघांस एकाच रांगेंत उभें करणें हा समतेचा देखावा होईल, समता नव्हे. जेथें तो संबद्ध नाहीं, तेथें दोघांमध्यें भिंत घालणें हा अन्याय होईल.

पहिल्या बाजूचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तें ५७ किलोच्या वजनगटांत होतें. त्याच ऑलिंपिकमधील सर्वांत वरच्या वजनगटाच्या मल्लापुढें खाशाबांचा टिकाव लागला असता काय, असें या सत्तर वर्षांत कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. कां विचारलें नाहीं? कारण कुस्तीची विद्या आणि शरीराचें वजन या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि वजन सारखें केल्यावांचून विद्येची परीक्षा होत नाहीं, हें आपण सहज जाणतों. वजनगट हा दुबळ्यांवर केलेला उपकार नसून खऱ्या गुणाला दिसूं देण्याची ती युक्ति आहे. मग जें न्यायानें खाशाबांस लागू, तेंच मंधानेस कां लागू नसावें? खाशाबांचा सत्कार आपण मनमोकळेपणीं करतों आणि त्या मुलींच्या सत्कारांत मात्र 'पण' घालतों. तेव्हां त्या 'पण' चा उगम क्रीडाशास्त्रांत नसून अन्यत्र आहे, हें ओळखलें पाहिजे.

यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. उंचीनें कमी असलेल्यांचा निराळा बास्केटबॉल नसतो. मग स्त्रियांचाच निराळा वर्ग कां? निसर्गानें अनेकांस अनेक उणिवा दिल्या, त्या सर्वांची भरपाई कोठवर करावयाची? अमेरिकेच्या जेन इंग्लिश या तत्त्वचिंतिकेनें १९७८ सालच्या एका निबंधांत याचें मार्मिक विवेचन केलें आहे. खेळापासून मिळणारे लाभ दोन प्रकारचे, असें ती दाखविते: आरोग्य, आनंद, आत्मविश्वास यांसारखे सर्वांना मिळूं शकणारे, आणि बक्षीस, कीर्ति, धन यांसारखे थोड्यांनाच मिळणारे. पहिल्यांवर प्रत्येकाचा हक्क आहे. दुसऱ्यांवर व्यक्ति म्हणून कोणाचाच नाहीं. परंतु एखादा समाजगटच्या गट जर शिखरावर कधींच दिसणार नसेल, तर त्या गटांतील प्रत्येकाच्या आत्मसन्मानास धक्का बसतो. मला यांत एवढीच भर घालावीशी वाटते कीं, स्त्रिया हा इतर गटांसारखा एक गट नव्हे; ती अर्धी मानवजात आहे. ठेंगण्या मुलाला आपला आदर्श धांवण्यांत नाहीं तर कुस्तींत, बास्केटबॉलमध्यें नाहीं तर घोड्यावर सांपडतो. स्वतंत्र वर्ग नसेल तर मुलीला जवळजवळ कोणत्याच मैदानावर तो सांपडणार नाहीं. ज्या घरांत अर्ध्या मुलांना आपल्यासारखें कोणी कधीं जिंकतांना दिसत नाहीं, त्या घरांतलीं तीं मुलें धांवायलाच निघणार नाहींत. आणि मग पहिल्या प्रकारचे, सर्वांच्या हक्काचे लाभहि त्यांना मुकतील.

आतां प्लेटोच्या निकषाची दुसरी धार पाहूं. नेमबाजींत ना उंच हाडें लागतात ना मोठें हृदय. लागतो स्थिर हात आणि स्थिर मन. १९७६ सालीं माँट्रिऑल येथें अमेरिकेच्या मार्गरेट मर्डॉकनें रायफलच्या स्पर्धेंत सुवर्णविजेत्या पुरुषाइतकेच गुण मिळवून रौप्यपदक घेतलें. विजेता लॅनी बॅशम यानें तिला हात देऊन आपल्याबरोबर सर्वोच्च पायरीवर घेतलें. १९९२ सालीं बार्सिलोना येथें स्कीट या प्रकारांत चीनच्या झांग शाननें २२५ पैकीं २२३ निशाणें फोडून स्त्रीपुरुषांच्या एकत्र स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें, आणि हरलेल्या दोघां पुरुषांनीं तिला खांद्यावर उचललें. पुढें काय झालें? १९९६ च्या ऑलिंपिकमध्यें ती स्पर्धा केवळ पुरुषांची होती! विजेतीला आपलें पद राखण्यासाठीं उभेंहि राहतां आलें नाहीं. स्त्रियांचें स्वतंत्र स्कीट आलें तें २००० सालीं. येथें भेदाची भिंत स्त्रीच्या रक्षणार्थ नव्हती. तिनें कोणाचें रक्षण केलें, हें वाचकांनींच ठरवावें.

बुद्धिबळांतहि असाच अनुभव आहे. मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ सालीं, अवघ्या तेराव्या वर्षीं, भारताच्या पुरुषांच्या अजिंक्यपद-स्पर्धेंत उतरली, तेव्हां केवढी खळबळ उडाली! प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना सांगावें लागलें कीं, स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येत नाहीं. हंगेरीच्या जुडिट पोल्गारनें तर स्त्रियांच्या स्पर्धांकडे बहुधा पाठच फिरविली; १९९१ सालीं ती ग्रँडमास्टर झाली, २००२ सालीं तिनें कास्पारोव्हला हरविलें आणि पुरुषांसहित जगांत ती आठव्या क्रमांकापर्यंत चढली. उलट नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ च्या जुलैंत स्त्रियांचाच विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेंच तिला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. एकीनें स्वतंत्र वर्गास अडथळा मानलें, दुसरीला तो जिना झाला. दोन्ही वाटा खुल्या असल्या म्हणजे झालें.

यावरून एक साधा नियम हातीं येतो. स्त्रियांचा वर्ग पुरुषांस बंद असावा. परंतु वरचा, खुला वर्ग स्त्रियांस कधींहि बंद असूं नये. जॉन स्टुअर्ट मिलनें १८६९ सालींच दाखवून दिलें होतें कीं, स्त्रियांना जें निसर्गतःच साधणार नाहीं त्याची त्यांना कायद्यानें मनाई करणें निरर्थक आहे. जें अशक्य, त्याला पहारा कशाला? पहारा बसवावा लागतो तो शक्यतेच्या भीतीमुळें. एकीकडे बंदी आणि दुसरीकडे मोकळीक ही विषमता नव्हे काय, असें कोणी म्हणेल. पण ५७ किलोचा मल्ल वरच्या गटांत लढूं म्हणाला तर तें त्याचें धाडस होय. १०० किलोचा मल्ल खालच्या गटांत उतरूं म्हणाला तर ती लबाडी होय. दोघांस सारखा नियम लावणें हा न्याय नव्हे.

या साऱ्या तुलनेंत आणखी एक गोष्ट मनाला बोंचते. गेल्या शतकाच्या पांचव्या-सहाव्या दशकांत हमीदा बानू ही स्त्री-मल्ल पुरुषांशीं कुस्त्या करीत असे. १९५४ सालीं, जो मला हरवील त्याच्याशीं मी लग्न करीन, असें आव्हान तिनें दिलें, आणि बडोद्यास बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या सुमारास चीत केलें. लोकांनीं काय म्हणावें? कुस्त्या ठरवून केलेल्या आहेत! त्या तशा होत्या कीं नव्हत्या याचा निवाडा आज कोणी करूं शकत नाहीं. पण स्त्री हरली तर ती दुबळी आणि जिंकली तर ती लबाड, असें ज्या तराजूचें दोन्ही पारड्यांत एकच उत्तर येतें, तो तराजू मोजण्यासाठीं धरलेलाच नसतो. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं आपल्या पुस्तकास 'स्त्रीपुरुषतुलना' हें नांव दिलें, आणि स्त्रियांच्या माथीं मारलेले दोष पुरुषांतहि कसे आहेत हें दाखविलें. तुलनेस त्या भ्याल्या नाहींत. तुलना करणाराचा हात मात्र त्यांनीं पकडला. आजहि गरज आहे ती तशाच नजरेची.

आजोबांवर मला राग नाहीं. त्यांचा प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. लहानपणापासून एकच माप पाहत आलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. त्यांस एवढेंच सांगावेसें वाटतें कीं, खरें बोलण्यानें त्या मुलींचें कांहीं उणें होत नाहीं. त्या पुरुषांच्या संघापुढें हरल्या असत्या, हें सत्य. आणि आपल्यासारख्याच शरीराच्या, जगांतील सर्व स्त्रियांत त्या श्रेष्ठ ठरल्या, हेंहि सत्य. दुसरें सत्य पहिल्याच्या दयेवर जगत नाहीं. जी समता खोट्या स्तुतीवर उभारली जाते, ती पहिल्या पराभवाबरोबर कोसळते. जी सत्य पचवून उभी राहते, तिला पराभवाचें भय नसतें.

त्या रात्रीं निरोप घेतांना मीं त्या मुलीला विचारलें, "उद्यां सकाळीं धांवायला जाणार का?" ती म्हणाली, "जाणार तर! पण मैदान सहाला मुलांच्या क्रिकेटसाठीं द्यावें लागतें, म्हणून पांचला जावें लागेल." पुरुषांपुढें स्त्रिया टिकतील काय, हा वाद आपण खुशाल घालीत बसावें, पण तिला सहानंतरहि मैदान कां मिळूं नये, या प्रश्नाचें उत्तर आपल्या हातांत आहे, आणि तें आधीं दिलें पाहिजे.